मरुभूमींतील करीर

मारवाडांत चैत्र-वैशाखाची वाळू उडूं लागली, गवत करपून गेलें, कीं करीराच्या काटेरी झुडपावर विटकरी रंगाचीं फुलें उमलतात. मारवाडी लोक त्याला केर म्हणतात. महाराष्ट्राच्या कोरड्या माळांवर तोच नेपती या नांवानें ओळखला जातो.

वसंतांतहि ज्याला पान नाहीं असा अभागी म्हणून भर्तृहरीनें करीराचा दाखला दिला. वनस्पतिशास्त्राचा निवाडा निराळा आहे. कोवळ्या फांद्यांवर इवलीं पानें येतात तीं लौकरच गळतात. पानांवाटें पाणी उडूं देणें वाळवंटांत परवडत नाहीं. अन्न सिद्ध करण्याचें काम हिरव्या फांद्या करतात, आणि मुळें खोल ओलाव्याचा शोध घेतात. कवीला जें दारिद्र्य भासलें, ती हिशेबी काटकसर होय.

फुलांच्या बाबतींत मात्र करीर सढळ आहे. इतरत्र मधाचा दुष्काळ असतां रानमधमाश्या, भुंगे आणि जांभळा शिंजीर पक्षी येथें गर्दी करतात. या पाहुण्यांमुळें धरलेलीं हिरवीं फळें मारवाडांतील गृहिणी मुरवून त्यांचें लोणचें घालतात, किंवा वाळवून सांगरीच्या शेंगांसह भाजी करतात. पाऊस दगा देतो त्या वर्षीं या भाजीचें मोल कळतें!

असें असूनहि ट्रॅक्टरच्या नांगरटीखालीं करीराचीं जुनीं बेटें नाहींशीं होत आहेत. विलायती बाभळीला जोधपूर संस्थानानें १९४० सालीं राजमान्यता दिली. तिनेंहि पुढें बरीच जागा व्यापली. मधमाश्यांना तिचाहि मध चालतो, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु केराचें लोणचें तिच्यापासून होत नाहीं.

देशावरच्या कोरड्या हवेंत ज्यांच्या घराशीं मोकळी, उन्हाची जागा असेल, त्यांनीं कुंपणाशीं करीर अवश्य लावावा. कोंकणच्या पावसांत तो सुखी होणार नाहीं. पिकलेल्या गुलाबी फळांतील बी गर धुऊन ताजेंच पेरावें. सांठविलेलें बी लौकर निर्जीव होतें. मूळ लांब वाढतें, म्हणून पिशवी उंच असावी. पावसाळ्याच्या आरंभीं रोप निचऱ्याच्या जमिनींत लावावें. पहिले दोन उन्हाळे बेतानें पाणी द्यावें, नंतर बहुधा तेंहि नको. वाढ फार सावकाश होते; अधीर मनुष्यानें मोगराच लावलेला बरा. फुलोऱ्यांत शेजारच्या झाडांवर कीटकनाशक मारणें अटळच झालें, तर तें सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर मारावें.