स्तंभाचा व्यास

आपल्याकडे परवान्यावांचून मद्य गाळणें हा गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्यें मात्र १९९६ सालच्या कायद्यानें स्वतःपुरतें मद्य घरीं गाळण्यास मोकळीक मिळाली, आणि तेथील हौशी गृहस्थांपुढें प्रश्न उभा राहिला : ऊर्ध्वपातनाचा स्तंभ किती रुंद असावा?

नळी जितकी रुंद तितका लाभ अधिक, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु स्तंभांत दोन प्रवाह समोरासमोर येतात : वर चढणारी वाफ आणि निवून खालीं उतरणारा द्रव. त्यांच्या भेटींतच मद्यार्क पाण्यापासून वेगळा होत जातो. नळी अरुंद आणि आंच प्रखर असली, तर वेगवान वाफ त्या द्रवाला वरच अडवून धरते; स्तंभ तुंबतो व शुद्धीकरण थांबतें. उलट, व्यास दुप्पट केला कीं क्षेत्रफळ चौपट होतें, आणि तोच वेग राखण्यास उष्णताही चौपट लागते. म्हणून आधीं आंच मोजावी, मग व्यास ठरवावा. दोन हजार वॅटच्या आंचेला सुमारें पांच सेंटिमीटरांची नळी पुरते.

वरचा मार्ग मात्र हवेला सदैव खुला असावा. तो तुंबला तर दाबानें भांडें फुटतें, आणि मद्यार्काची वाफ एका ठिणगीनें पेटते. येथें घाईची चूक मद्यालाच नव्हे, साऱ्या घराला भोंवते.