‘ळ’ची जागा



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाची गोष्ट काढतो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. मध्य प्रदेशात 2021पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि आधार पाठ्यक्रम म्हणून भाषा सगळ्या शाखांना आली. त्यामुळे माझ्यासारखा साहित्याचा माणूस बी.सी.ए.च्या वर्गावर जाऊ लागला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 2022मध्ये, चॅटजीपीटी आलं. आमच्या संगणक विभागातले एक सहकारी तेव्हा म्हणाले, “पूर्वी पोरं एकमेकांचं उतरवायची. चुका सारख्या असायच्या, म्हणून पकडता यायचं. आता चूकच सापडत नाही!”

आम्ही दोघांनी मिळून एक काम दिलं. ग्वाल्हेरच्या एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाच्या वर्गणीदारांची यादी अक्षरानुक्रमे लावणारा प्रोग्राम लिहायचा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे प्रोग्राम तयार होते. बहुतेकांनी ते यंत्राकडूनच लिहून घेतले होते आणि ते बिनतक्रार चालत होते. यादी आली : काणे, काळे, कावळे, कासार.

मी विचारलं, क्रम बरोबर आहे का? सगळे म्हणाले, हो. यंत्राला विचारलं, तेही हो म्हणालं.

आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. म्हणजे काळे कासारांच्या मागे जायला हवेत. पण संगणकाला वर्णमाला माहीत नसते, त्याला आकडे माहीत असतात. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक 2354, ‘ळ’चा 2355, ‘व’चा 2357 आणि ‘ह’चा 2361. युनिकोडची देवनागरी बेतली आहे 1988च्या ‘इस्की’ या भारतीय मानकावर, आणि त्या आराखड्यात ‘ळ’ ‘ल’च्या शेजारी बसलेला आहे. मराठीचा क्रम हवा असेल तर तो वेगळा सांगावा लागतो. हे कळवल्यावर यंत्राने नम्रपणे माफी मागितली आणि प्रोग्राम दुरुस्त करून दिला. प्रश्न मात्र त्याला आपणहून पडला नव्हता. विद्यार्थ्यांनाही पडला नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष नाही. हिंदी शाळेत जी वर्णमाला घोकली, तिच्यात ‘ळ’ नाहीच.

गोष्ट इथे संपली असती. पण वर्गात मराठी घरातली एक मुलगी होती, आडनाव काळे. ती म्हणाली, “सर, आधीच्या यादीत काले आणि काळे एकाखाली एक होते. आता लांब गेले. दोन्ही आम्हीच आहोत.” तिच्या गुणपत्रिकेवर काले आहे, आजोबांच्या वर्गणीच्या पावतीवर काळे. चुकीच्या क्रमाने एका घराची दोन नावं शेजारी आणली होती आणि आम्ही क्रम सुधारून त्यांची ताटातूट केली होती! ज्या संस्थानात 1917 साली श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे, तिथे एका घरात दोन वर्णमाला असणं काही नवीन नाही. प्रोग्रामला ते कसं सांगायचं, हा प्रश्न होता.

एका उत्साही मुलाने यंत्राला हुकूम दिला : ‘ल’च्या जागी ‘ळ’ कर. हुकूम तामील झाला. गोखल्यांचे गोखळे झाले, लेल्यांचे ळेळे. मराठी मुलं खो-खो हसली. बाकीच्यांनी विचारलं, हसता काय? मग त्या तासाला मराठी मुलांनीच इतरांना ‘ळ’ म्हणायला शिकवलं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वर्णमालेवरचा इतका जिवंत तास दुसरा आठवत नाही.

त्यानंतर आम्ही परीक्षेची रीत बदलली. प्रोग्राम कुठूनही आणा, यंत्राकडून आणा. आम्ही त्यात एक अडचणीचं नाव घालणार. प्रोग्राम चालवण्याआधी काय होईल ते सांगायचं, आणि तसं का होईल तेही. एकाला दहा-दहा मिनिटं लागतात. वर्ग मोठा, वेळापत्रकात यासाठी तासिका नाही, म्हणून सुट्टीनंतर बसतो. हे किती दिवस निभेल, खरंच सांगता येत नाही. पण बंदी घालण्यावर माझा विश्वास नाही. बंदी घातली तर पोरं लपवतील, एवढंच.

यादी अजून पुरी झालेली नाही. काले खरे किती आणि कागदोपत्री झालेले किती, हे यादीत पाहून कळत नाही, म्हणून ती मुलगी लष्करात घरोघर जाऊन विचारते. परवा हसत आली. एका घरी तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं, तुमचा ‘ळ’ आम्ही परत लावून देतो. आजोबा म्हणाले, “बाळ, आम्ही मूळचेच काले. आम्हांला नको लावूस.”