डोंगराची डायरी गुहेत असते

गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं. पण ती लेणी, माणसांनी बेसाल्टमध्ये कोरलेली. आज मी बोलणार आहे पाण्याने चुनखडीत कोरलेल्या गुहांबद्दल.

स्वित्झर्लंडला जाणारी आपली बरीच मंडळी इंटरलाकेनला जातात. तिथून जवळच, थून तलावाच्या काठच्या कड्यात सेंट बीटस गुहा आहेत. वरच्या डोंगरात झीबेनहेंगस्टे नावाचं गुहांचं प्रचंड जाळं आहे. बोगदे एकावर एक, इमारतीच्या मजल्यांसारखे.

मजले का? पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली जातं आणि दरीच्या तळाशी झऱ्यातून बाहेर पडतं. दरी खोल झाली की पाणी खालची नवी वाट धरतं आणि जुना बोगदा वर कोरडा राहतो. म्हणजे प्रत्येक मजला सांगतो, एकेकाळी दरीचा तळ इथे होता.

पण कधी? ते वाळू सांगते. वाळूतलं क्वार्ट्‌झ उघड्यावर असताना अवकाशातल्या किरणांच्या माऱ्याने त्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात. वाळू वाहत गुहेत खोल गेली की मारा थांबतो आणि दोन्ही घटत जातात. हे अ‍ॅल्युमिनियम सुमारे ७ लाख वर्षांत निम्मं होतं, बेरिलियमला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दोघांचं प्रमाण मोजलं की वाळू कधी आत आली ते कळतं.

२००७ साली हॉइझेलमन आणि सहकाऱ्यांनी इथल्या वाळूचे निष्कर्ष छापले. आरे नदीची दरी आधी १० लाख वर्षांत साधारण १२० मीटर खोल होत होती. सुमारे ८ ते १० लाख वर्षांपूर्वी हा वेग एकदम दहापट झाला! जवळपास त्याच काळात हिमयुगांची चक्रं लांबत गेली होती, आणि दरी खरवडण्याचं काम हिमनद्यांचं.

गंमत बघा, बाहेरच्या जुन्या खुणा त्याच हिमनद्यांनी पुसून टाकल्या. पुरावा उरला तो आत, अंधारात.

म्हणून एक विनंती. मेघालयात किंवा आणखी कुठे चुनखडीच्या गुहेत गेलात, तर ठरलेली वाट सोडू नका. पायाखालची वाळू म्हणजे कचरा नाही, डोंगराची डायरी आहे. एकदा तुडवली की ती परत लिहिता येत नाही.

भेटू पुढच्या भागात!