१ जूनचा वाढदिवस



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांच्या आजी-आजोबांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला असतो? हात वर करा बरं. पालकांमध्येही बरेच हात दिसताहेत. माझ्या नोकरीतली पहिली मोठी चूक याच तारखेने घडवली, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका कर्ज देणाऱ्या कंपनीसाठी संशयास्पद अर्ज हुडकण्याचं काम करत होते. अर्जदारांच्या जन्मतारखा आलेखावर मांडल्या, तर १ जूनवर हा मोठा मनोरा उभा. एकाच तारखेवर असा ढीग दिसला की नोंद बनावट समजावी, असं मी शिकले होते. मी नियम लिहिला, तो लागू झाला आणि अर्ज अडायला लागले. दोन आठवड्यांनी मराठवाड्यातल्या एका शाखेतून कारकुनाचा फोन आला. "मॅडम, आमच्याकडं पूर्वी जन्माची नोंद कुठली? पोराला शाळेत घातलं की गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि तारीख १ जून टाकायचे. दाखल्यावर तीच, आधारवर तीच. तुमच्या यंत्रानं माझ्या बापालाही लबाड ठरवलंय."

नियम त्याच दिवशी मागे घेतला. पण अडलेले कितीतरी अर्ज बी-बियाण्यासाठी होते आणि मृग तर लागून गेला होता. ज्यांची पेरणी माझ्यामुळे लांबली, त्यांची नावं माझ्यासमोरच्या तक्त्यात होती. त्यांची माफी मागायची संधी मला कधी मिळाली नाही.

गेल्या आठवड्यात तुमचे डेटाशास्त्राचे प्रकल्प-अहवाल वाचले. मेहनत मनापासून केली आहे. पण त्यांत १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकचे प्रवासी आहेत, १९७० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या घरांच्या किमती आहेत, संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली वापरलेली आयरिसची १५० फुलं आहेत. मुळाक्षरं गिरवायला हे ठीक आहे. मात्र शेवटच्या वर्षापर्यंत तेच गिरवत राहायचं, आणि सोनवणे हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिलं जातं हे एकदाही मोजायचं नाही, याचं मला वाईट वाटतं. नावांचा हा घोळ माझ्याही वाट्याला आहे: माझी पदवी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मधलं नाव आधी वडिलांचं होतं, मग नवऱ्याचं झालं. कुठल्याही बँकेच्या संगणकाला मी दोन वेगळ्या बायका वाटते. अशा कोट्यवधी बायका या देशात आहेत. त्यांची खाती, विमा, वारसाहक्क नीट जुळवणं हे आपल्याकडच्या डेटाच्या नोकरीतलं रोजचं काम आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याला एक तासही नाही.

साधन सगळीकडे तेच असतं. पायथन पुण्यात आणि बर्लिनमध्ये वेगळं नसतं. बदलते ती नोंद, तिच्यामागची रीत आणि तिच्यावर चालणारा कायदा. ज्या देशाच्या बाजारात तुम्ही काम करणार, त्या देशाची नोंद कशी जन्माला येते हे शिकवल्याशिवाय दिलेलं प्रशिक्षण मला अर्धवट वाटतं.

हे आपल्याच मातीतल्या एका माणसाने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. लंडनला नेमन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि दिल्लीत शेतीच्या आकडेवारीच्या कामाला लागले. प्रश्न होता पिकाचं उत्पन्न मोजण्याचा. शेतात छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा. कागदावर तुकडा लहान असला तरी गणित बसत होतं, आणि महालनोबिसांसारखे थोर संख्याशास्त्रज्ञ लहान तुकड्यांच्या बाजूने होते. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापणीचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगलेलं निघालं. कारण काय? दोरीच्या रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणारा माणूस ठरवतो आणि त्याचा हात ते आत घ्यायला वळतो. तुकडा लहान असला की त्याच्या आकाराच्या मानाने कडेची रोपं जास्त. ही चूक सूत्रात नव्हतीच, ती रेषेवरच्या रोपाशी होत होती. पुढे हेच सुखात्मे रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जगभरच्या शेतीची आकडेवारी त्यांनी हाताळली.

तो पीक कापणी प्रयोग आजही चालतो. २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेतही त्याच्यावर भरपाईचा पैसा अवलंबून असतो. आता त्याला उपग्रहाच्या चित्रांची जोड मिळते आहे आणि त्या कामासाठी विमा कंपन्यांना तुमच्यासारखी मुलं-मुली हवी आहेत. सोयाबीन आणि तूर यांचं आंतरपीक आकाशातून कसं दिसतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिथे मान आहे.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आमची नोकरी तर खराडीला किंवा हिंजवडीला, परदेशी कंपनीच्या केंद्रात. खरं आहे, इथल्या अनेकांचं तसंच होणार. खुर्ची पुण्यात असेल, पण तुमचा डेटा दुसऱ्या देशाचा असेल. मग तो देश शिका. जर्मन कारखान्यासाठी प्रत्येक कामगाराचं रोजचं काम दाखवणारा सुंदर डॅशबोर्ड तुम्ही बनवाल आणि तो धूळ खात पडेल. कारण जिथे कामगारांचं निवडून आलेलं मंडळ आहे, तिथे कामावर नजर ठेवू शकणारी यंत्रणा त्या मंडळाच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. त्यांची आकडे लिहिण्याची तऱ्हाही वेगळी. आपला दशांश टिंबाने येतो, त्यांचा स्वल्पविरामाने. जपानी नोंदींमध्ये तर २०१९ या एकाच वर्षात दोन शक भेटतात, कारण १ मेपासून रेइवा सुरू झाला आणि त्याआधीचे चार महिने हेइसेईचे. पुण्यात जर्मन आणि जपानी शिकणारी इतकी मुलं आहेत. ती भाषा आणि डेटाचं शास्त्र एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात का असू नये?

आणि मराठी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार तुमची माहिती घेण्यासाठी संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. शेतात उभ्या असलेल्या बाईला आपण कशाला होकार देतो आहोत हे कळेल, अशा मराठीत ती सूचना कोण लिहिणार? माझ्या मते हे पोटभरू काम नाही, प्रतिष्ठेचं काम आहे. इंग्रजी मसुद्याचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर मी पाहिलं आहे. ते मलाही कळलं नव्हतं.

प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या तुकडीचा एक तरी प्रकल्प तालुक्याच्या नोंदींवर असू द्या. बाजार समितीचे भाव घ्या, पाणलोटातल्या विहिरींची पातळी घ्या, दवाखान्याचं रजिस्टर घ्यायचं असेल तर नावं काढून घ्या. नोंद करणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याने भेटलंच पाहिजे, अशी अट घाला. त्यात वेळ जाईल, तक्ते अस्वच्छ असतील, गुण देणं अवघड होईल. तरीही घाला.

आणि तुम्ही, आज पदवी घेणारे. येत्या खरिपाच्या शेवटी, सोयाबीन काढणीला आलं की गावोगाव कापणी प्रयोग सुरू होतील. कृषी सहायकांना विचारून एका शेतावर जा. दोरी कशी टाकतात, रेषेवरच्या रोपाचं काय करतात, वजनकाटा कुठे ठेवतात ते पाहा. मी दरवर्षी एका गावात जाते. या वेळी कुणाला सोबत यायचं असेल, तर कार्यक्रमानंतर मी इथेच दाराशी थांबणार आहे. नावं लिहून घेईन, तुम्ही सांगाल त्याच नावाने.