एका वाड्यातील दोन बिऱ्हाडे

एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टीम नांदविण्याची प्रथा आमच्या बंगळूरला नवी नाही. १९९६ साली ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने लिनक्सची तबकडी वाचकांच्या हाती दिली. २००१ साली याच शहरात ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरली आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ या नावाने ती कित्येक वर्षे गाजली. त्या काळी हा तरुण अभियंत्यांचा छंद होता. आता तो गृहस्थाश्रमी माणसाच्या दारात येऊन उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला. ज्यांचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, त्यांच्यातले काही जण जुने विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्सला जागा करून देतात. यंत्र सुरू करताना कोणाला जागे करायचे ते आपण सांगायचे. एका वेळी एकच जागे. इथवर सारे सुरळीत असते. अडचण दुसऱ्या दिवशी उभी राहते, कारण काल विंडोजमध्ये लिहिलेले पत्र आज लिनक्समध्ये हवे असते.

हार्ड डिस्क हा एक वाडा आहे असे समजा. त्याचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. या झाल्या खोल्या. प्रत्येक खोलीत दप्तर लावण्याची रीत निराळी. विंडोजची रीत एनटीएफएस, ती १९९३ पासूनची. लिनक्सची आज बहुधा ईएक्सटी-४, ती २००८ सालची. मोडी आणि बाळबोध यांत जे अंतर, तेच या दोहोंत. मजा अशी की लिनक्सने शेजाऱ्याची लिपी शिकून घेतली आहे. ती प्रथम केवळ वाचता येई. २००७ च्या सुमारास ‘एनटीएफएस-३जी’ या ड्रायव्हरमुळे भरवशाने लिहिताही येऊ लागले, आणि २०२१ साली तसा एक ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाला. विंडोज मात्र ईएक्सटी-४ ची खोली आपण होऊन उघडत नाही. तिला ती खोली अनोळखी दिसते आणि ‘फॉरमॅट करू का?’ असे ती विचारते. या प्रश्नाला चुकूनही ‘हो’ म्हणू नये; तसे म्हटले की दप्तर गेलेच. उघडच, सामाईक चिजा ठेवायच्या त्या विंडोजला वाचता येईल अशाच खोलीत.

ही खोली स्वतंत्र असावी. विंडोजची स्वतःची सी ड्राइव्ह लिनक्समधून उघडते म्हणून तिथेच लिहीत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून जाणे होय. तिसरे पार्टिशन करावे. ते जुन्या फॅट-३२ पद्धतीचे केले, तर चार गिगाबाइटांहून मोठी फाइल त्यात मावत नाही. लग्नाची चित्रफीत तिथेच अडते. एक्सफॅटला ही अडचण नाही, आणि २०१९ साली मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील जाहीर केल्यापासून लिनक्सही तिला सरावले आहे. पेन ड्राइव्हला ती उत्तम. पण एनटीएफएस आपल्या फेरफारांची रोजकीर्द ठेवते, एक्सफॅट ठेवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बंगळूरला संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो आणि दिवे जातात. अशा वेळी अर्धवट राहिलेला व्यवहार रोजकीर्दीवरून सावरता येतो. म्हणून घरातल्या यंत्रात सामाईक खोली एनटीएफएसची असावी, असे माझे मत आहे.

आता मुख्य धोक्याकडे वळतो. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. आपण ‘शट डाउन’ म्हणतो आणि यंत्र बंद झाले असे समजतो. वास्तविक विंडोज आपल्या गाभ्याची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर लिहून ठेवून नुसती डोळे मिटते. कोणत्या खोलीत काय आहे याची तिची समजूत तशीच गोठलेली राहते. मग लिनक्स त्या खोलीत शिरून चार कागद हलविते. सकाळी विंडोज जागी होते आणि कालच्याच समजुतीने लिहू लागते. लिनक्स हे ओळखून खोली बहुधा वाचण्यापुरतीच उघडते. लोकांना हा आडमुठेपणा वाटतो. तो वडीलधाऱ्याचा शहाणपणा आहे.

मल्लेश्वरममधील माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक घराण्यातले मोडी कागद बाळबोधीत उतरवून घेत आहेत. त्यांच्या भाच्याने हा अडथळा कुठलीशी आज्ञा देऊन जबरदस्तीने दूर केला. दोन दिवसांनी विंडोजने डिस्कची तपासणी केली, आणि कित्येक पत्रांच्या जागी ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात निनावी तुकडे तेवढे उरले. मूळ कागद पेटीत होते म्हणून निभावले. श्रम मात्र पुन्हा करावे लागत आहेत. उपाय पाहावा तर दोन मिनिटांचा: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी. तोवर लिनक्सकडे जाताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ म्हणावे. तेव्हा विंडोज खरोखरच खोली रिकामी करते. आणि या साऱ्या उद्योगाआधी, नव्या यंत्रात बिटलॉकरचे कुलूप लागलेले आहे काय ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

नावांचाही एक तंटा आहे. लिनक्स इंग्रजीतील मोठी व लहान अक्षरे वेगळी मानते, विंडोज सहसा मानत नाही. देवनागरीत असा भेदच नसल्याने मराठी नावे या भांडणातून सुटली! परंतु ‘विषय: रजा’ असे नाव लिनक्समध्ये चालते, विंडोजला त्यातला अपूर्णविराम खपत नाही. आमचा जावक क्रमांकातला तिरका दंड तर दोघांनाही वर्ज्य.

घड्याळाचे पाहा. यंत्रातले घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स जागतिक वेळेचे. म्हणून यंत्रात साडेपाच तासांचा घोटाळा होतो, आणि एकाच टिपणाच्या दोन प्रतींतील ताजी कोणती ते कळेनासे होते. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगता येते. तसे सांगून टाकावे.

राहता राहिली जुनी मराठी टंकने. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल सामाईक खोलीतून सुखरूप पलीकडे जाते; पण तो फॉन्ट तिथे नसला, तर उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तिथे पार्टिशनचा दोष नसतो. असे लेखन आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे आणि जोडाक्षरे नीट उतरली आहेत ना, हे स्वतः वाचून पाहावे. र्‍हस्व इकार आणि रफार यांत चुका विशेष राहतात.