संगणकाची बाहेरची कोठी

पालघर व बोईसर-तारापूर येथील गृहस्थाच्या संगणकांत आज पगाराचे कागद, मुलांचे दाखले आणि लग्नकार्यांचीं छायाचित्रें सांठलेलीं असतात. संगणक भरला कीं बाहेरून जोडावयाच्या एसएसडीचा विचार निघतो. तेव्हां पहिला प्रश्न किंमतीचा नव्हे. संगणकाची खांच कोणती, हा होय.

यूएसबी २ ची जुनी खांच प्रत्यक्षांत सेकंदाला सुमारें ४० मेगाबाइटच पुढें ढकलते. तेथें ५५० मेगाबाइट वेगाची साटा एसएसडी लाविली तरी उपयोग काय? घागर केवढीहि असो, पाणी तोटीइतकेंच येणार. खांच १० गिगाबिटांची असेल, तरच हजार मेगाबाइटांच्या घरांत जाणारी एनव्हीएमई शोभते.

दुसरी गोष्ट पेटीची. दोन्ही जातींच्या पट्ट्या एम.२ आकारांत मिळतात व दिसण्यांत सारख्याच असतात; परंतु एकीची पेटी दुसरीला चालेलच असें नाहीं. एनव्हीएमई काम करतांना तापते आणि फार तापली कीं स्वतःच मंदावते; म्हणून उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमची पेटी बरी. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेनें जोडाच्या धातूला गंज चढतो. काम नसतांना ती घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

मात्र तेथें तिला विसरूं नये. एसएसडींतील माहिती विद्युद्भाराच्या रूपानें राहते. विजेवांचून वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो, उष्णतेंत तर अधिकच लवकर. कांहीं महिन्यांनीं ती जोडून तपासावी व दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. ज्या दाखल्याची एकच प्रत आहे, तो सांभाळला असें म्हणतां येत नाहीं.