जुनी मालमोटार आणि दुसरा पंप

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच २०२३ सालापर्यंतचें औरंगाबाद, हें दरवाज्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरानें १६१२ सालीं उभारलेला भडकल दरवाजा तेथें अद्यापि उभा आहे. ज्या काळीं हे दरवाजे झाले त्या काळीं त्यांतून जाणारें मोठ्यांत मोठें वाहन म्हणजे हत्ती किंवा बैलांचा गाडा. माहुतानें नुसती खूण करावी आणि वळण्याचे श्रम हत्तीनें करावे, अशी तेव्हां विभागणी होती. आज वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांचा माल आणि जाधववाडीच्या बाजारांतलें धान्य वाहणाऱ्या मालमोटारींना तशी सोय जन्मतः नाहीं. त्यांचीं पुढचीं चाकें माणसाच्या दंडांनीं वळवावीं लागतात, किंवा त्या कामीं यंत्राची मदत घ्यावी लागते. ही मदत पुरविणारा एक लहानसा पंप, आणि जुन्या मालमोटारींत तो बदलून दुसऱ्या जातीचा बसवितांना होणारी गफलत, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

विषय गॅरेजांतला आहे. मग घरांत बसून रेडिओ ऐकणाऱ्या कुटुंबांना त्याचें काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु या कुटुंबांतलीं मुलें जालना रस्ता ओलांडून शाळेस जातात, आणि त्याच रस्त्यानें वीस वर्षांची जुनी मालमोटारही जाते. तिचें स्टिअरिंग वेळेवर वळतें कीं नाहीं, ही केवळ तिच्या मालकाची खासगी बाब नव्हे.

भरलेल्या मालमोटारीच्या पुढच्या आंसावर पांच-सहा टनांचा भार असतो. गाडी वेगांत असली म्हणजे चाकें त्या मानानें हलकीं वळतात; परंतु गाडी उभी असतांना, किंवा बाजाराच्या आवारांत इंच इंच मागें घेतांना, टायर जमिनीशीं अक्षरशः झगडतो. जुन्या चालकांचे रुंद खांदे आणि घट्टे पडलेले तळहात ही याच झगड्याची कमाई होय. कन्नडजवळच्या औट्रम घाटांतून जड वाहनांस २०२३ सालीं न्यायालयाच्या आदेशानें बंदी झाली; त्यापूर्वीं धुळ्याकडे जाणाऱ्या चालकांना त्या घाटांतील वळणें वर्षानुवर्षें घ्यावीं लागलीं. ज्यांच्या गाडीला यंत्राची मदत नव्हती त्यांना एका फेरीनंतर हात उचलणेंही जड जात असे.

या प्रश्नाचें उत्तर शोधणारा गृहस्थही मालमोटारींच्याच धंद्यांतला होता. अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागांतील अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनीं १९२२ च्या सुमारास नोकरी सोडली आणि वॉल्थॅम या गांवीं लहानशी कार्यशाळा घेऊन प्रयोग आरंभिले. १९२६ सालीं त्यांनीं आपली योजना एका मोटारीवर बसवून दाखविली. पुढें मंदीच्या दिवसांत खर्चाच्या भीतीनें कारखानदारांनीं ती बाजूस ठेवली. दुसऱ्या महायुद्धांत लष्कराच्या जड गाड्यांना तिचा उपयोग झाला. आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारींतून तत्सम योजना सामान्य गिऱ्हाइकापुढें आली. जी युक्ति मालमोटारवाल्याच्या श्रमांकडे पाहून सुचली, ती बाजारांत आली तेव्हां प्रथम धनिकांच्या मोटारींत बसली.

डेव्हिस यांच्या योजनेचें मर्म सोपें आहे. इंजिनावर चालणारा पंप तेल सतत फिरवीत राहतो. चालक सरळ जात असतो तेव्हां तेलाची वाट मोकळी असते. तें स्टिअरिंग-बॉक्समध्यें जातें आणि फारसा दाब न घेतां टाकींत परत येतें. चालकानें स्टिअरिंग फिरविलें कीं आंतली झडप ती वाट एका बाजूनें अडवूं लागते. वाट अडली कीं दाब वाढतो, आणि तो दाब दट्ट्याला ढकलून चाकें वळविण्यास हातभार लावतो. म्हणजे पंप स्वतः दाब देत नाहीं. तो वाहतें तेल देतो, आणि दाब अडवणुकींतून निर्माण होतो. एवढी एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली तर पुढचें सर्व सहज समजतें.

आपल्या देशांत टाटांच्या कारखान्यानें १९५४ सालीं जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशीं सहकार्य करून जमशेदपूर येथें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या वेळच्या चालकांनीं साध्या स्टिअरिंगवरच आयुष्यें काढलीं. तेलाच्या दाबाचें स्टिअरिंग सर्वत्र रुळण्यास पुढें बराच काळ लागला. महाराष्ट्रांत या धंद्यानें मूळ धरलें तें शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक येथें. ज्या गांवीं छत्रपती संभाजी महाराजांची समाधि आहे, त्याच गांवीं १९८१ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें जर्मन झेड. एफ. कंपनीच्या सहकार्यानें अशीं स्टिअरिंगें बनविण्यास सुरुवात केली.

आतां जुन्या मालमोटारीकडे वळूं. तिचा मूळचा पंप झिजतो, करकर आवाज करूं लागतो, स्टिअरिंग जड होतें. त्या जातीचा नवा पंप महाग असतो किंवा मिळतच नाहीं. मग भंगारांत निघालेल्या दुसऱ्या गाडीचा पंप सांपडतो. मिस्त्री एक पट्टी वाकवून पकड तयार करतो, नळीचें तोंड बदलतो, पट्टा चढवितो. स्टिअरिंग हलकें फिरतें आणि मालक संतुष्ट होतो. यांत काटकसर आहे, आणि काटकसर हा दोष नव्हे. शेकडों गाड्या आणि त्यांच्यावर पोट असलेलीं कुटुंबें अशाच हिकमतीवर चालतात. प्रश्न एवढाच कीं जो पंप जागेवर बसला तो स्टिअरिंगशीं जुळला आहे काय?

एक हिशेब करून पाहावा. समजा, स्टिअरिंग-बॉक्समधील दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकास जातांना ४०० घन सेंटिमीटर तेल घेतो, आणि त्यासाठीं स्टिअरिंगचे ५ फेरे द्यावे लागतात. म्हणजे एका फेऱ्यास ८० घन सेंटिमीटर तेल झालें. अडचणीच्या प्रसंगीं चालक सेकंदास दीड फेरा देतो असें धरलें, तर दर सेकंदास १२०, म्हणजे मिनिटास ७.२ लिटर तेल हवें. आतां नवा आणलेला पंप एका फेऱ्यांत १० घन सेंटिमीटर तेल ढकलतो आणि इंजिन मंद असतां मिनिटास ६०० फेरे घेतो असें मानूं. तो देणार ६ लिटर. झिजेमुळें त्याहूनही कमी.

हा सुमारें सव्वा लिटरचा तुटवडा गॅरेजच्या दारांत दिसून येत नाहीं, कारण तेथें मिस्त्री स्टिअरिंग सावकाश फिरवून पाहतो. तो दिसतो रस्त्यावर, एखादें मूल धांवत पुढें आलें म्हणजे. चालक झटकन स्टिअरिंग फिरवितो. पहिला अर्धा फेरा हलका जातो आणि मग तेल अपुरें पडून तें एकाएकीं दगडासारखें जड होतें. साध्या स्टिअरिंगचा चालक सदैव दोन्ही हातांनीं सावध असतो, कारण मदत नाहीं हें त्याला ठाऊक असतें. अर्धवट मदतीचा चालक गाफील असतो. पंप अजिबात बंद पडला तरी चाकांशीं असलेला लोखंडी सांधा कायम राहतो आणि गाडी जोर लावून वळवितां येते, हें खरें. परंतु तो जोर लावावयाचा आहे हें ऐन क्षणीं कळून उपयोग काय?

याच्या उलट चूकही घडते. मोठा पंप अधिक चांगला, असें मानून कोणी जादा दाबाचा पंप बसवितो. बहुतेक पंपांना एक सुटकेची झडप असते. ठराविक दाबापलीकडे ती तेल सोडून देते. दट्ट्याचें क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर धरलें, तर चौरस सेंटिमीटरला १०० किलोच्या दाबानें ६,००० किलोचा जोर निर्माण होतो. तोच दाब १५० झाला कीं जोर ९,००० किलोवर जातो. ज्या दांड्या, सांधे आणि भुजा पहिल्या जोरासाठीं घडविल्या, त्यांवर दीडपट ताण पडतो. रबरी सीलें गळूं लागतात, नळी फुटते, आणि लोखंडाला आंतून न दिसणारी चीर जाते. स्टिअरिंग मात्र लोण्यासारखें फिरत असतें, म्हणून संशय कोणालाच येत नाहीं.

यास्तव पंप निवडतांना प्रथम स्टिअरिंग-बॉक्सची गरज पाहावी: त्याला मिनिटास किती लिटर तेल लागतें आणि जास्तींत जास्त किती दाब सोसतो. बॉक्सवरील पट्टीवर किंवा कारखान्याच्या पुस्तकांत ही माहिती मिळते. नंतर पंपाची फिरण्याची दिशा पाहावी. पात्यांचा पंप एकाच दिशेनें काम करतो. पट्ट्यावर चालणारा आणि दातेरी चक्रावर चालणारा, या दोहोंची दिशा परस्परविरुद्ध असूं शकते. पुलीचा व्यास बदलला कीं पंपाचे फेरे बदलतात आणि सगळा हिशेब नव्यानें मांडावा लागतो. दोन्ही पुल्या एका रेषेंत नसतील तर पट्टा घांसून तुटतो. दाबाच्या बाजूची नळी त्याच दाबासाठीं बनविलेली असावी. साधी रबरी नळी तेथें घातक होय. तेलही कारखान्यानें सांगितलेलेंच घालावें. ब्रेकचें तेल घातल्यास सीलें खराब होतात.

या सर्वांच्या आधीं मात्र एक परीक्षा करणें अवश्य आहे. दोष पंपाचाच आहे कशावरून? ढिला पट्टा, टाकींतली तुंबलेली जाळी, कमी हवेचे टायर, किंगपिनला न मिळालेलें ग्रीस, आणि बॉक्समधील आंतली गळती, हीं सारींच स्टिअरिंग जड करतात. दाबाच्या नळींत गेज आणि बंद करण्याची तोटी बसवून इंजिन मंद ठेवावें आणि तोटी क्षणभर, पांच सेकंदांच्या आंत, मिटून पाहावी. गेजवर पुरा दाब दिसला तर त्या बाजूनें पंप निर्दोष आहे. रोग अन्यत्र शोधावा. या पांच सेकंदांअभावीं धडधाकट पंप काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागीं न जुळणारे येतात.

नवा पंप बसविण्यापूर्वीं जुन्या तेलासह नळ्या आणि टाकी धुऊन काढावी, नाहीं तर जुन्या पंपाचा लोखंडी कीस नव्याला खाऊन टाकतो. नंतर पुढचीं चाकें उचलून, टाकींत तेल भरीत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस हळूहळू फिरवावें. तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर आंत हवा आहे असें समजावें. हवा निघेपर्यंत घाई करूं नये. स्टिअरिंग शेवटच्या टोकास दाबून धरण्याची संवय चालकानेंही सोडावी; त्या वेळीं पंप आपल्या पूर्ण दाबावर तापत असतो.

कायद्यानेंही हा विषय मोकळा सोडलेला नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ व्या नियमाप्रमाणें स्टिअरिंगमधील ढिलाई ३० अंशांहून अधिक असतां कामा नये आणि सांध्यांचे बोल्ट पक्के जखडलेले असावेत. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला योग्यतेचें प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें. परंतु ढिलाई मोजली म्हणजे पंपाचे लिटर आणि दाब मोजले असें होत नाहीं. तें काम मिस्त्रीच्या गेजचें आणि मालकाच्या आग्रहाचें आहे.

गेजची किंमत एका नव्या पंपापुढें थोडी आहे. मालकानें बिल देण्यापूर्वीं मिस्त्रीला तीन प्रश्न विचारावेत: या बॉक्सला किती तेल हवें, हा पंप मंद इंजिनावर किती देतो, आणि याची झडप कोणत्या दाबाला सुटते? ज्या मिस्त्रीपाशीं या तिहींचीं उत्तरें आहेत, त्यानें भंगारांतला पंप बसविला तरी चिंता नाहीं. ज्याच्यापाशीं नाहींत, त्यानें कोरा करकरीत पंप आणला तरी गाडी बाहेर काढूं नये. चालकाचे हात, गाडीचा माल आणि रस्ता ओलांडणारीं मुलें यांचें क्षेम त्या तीन उत्तरांवर अवलंबून आहे.